तिसरं पाणी झाडाचं

गोदाआत्यानं मला पाणी वाचवायला शिकवलं, हे मी आजही नाकारत नाही. तांदूळ धुतलेलं पाणी अजूनही माझ्या हातून मोरीत जात नाही. पाहुण्याला पेला अर्धाच भरून देते आणि तांब्या शेजारी ठेवते. भाजी परातीत धुते, नळाखाली धरत नाही. हातांना तिचं वळण लागलं ते लागलं. मन मात्र मी तिच्याकडून परत घेतलं, आणि ते घेताना जो त्रास झाला तो अजून पुरता गेलेला नाही.

भूममध्ये आम्ही घर घेतलं त्याला आठ-नऊ वर्षं झाली. मी इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स, म्हणून गल्लीत सगळे मला सिस्टर म्हणतात. नवऱ्याची नोकरी परांड्याला, रोज एसटीनं जाऊन-येऊन. नऊ घरांची गल्ली, त्यातलं शेवटचं घर आमचं आणि भिंतीला भिंत लावून गोदाआत्याचं. ती सख्खी आत्या कुणाचीच नव्हती, पण लहानापासून थोरापर्यंत सगळे तिला आत्याच म्हणायचे. अण्णा, म्हणजे तिचे यजमानसुद्धा, हाक मारताना कधीकधी चुकून आत्या म्हणून जायचे.

सामान उतरवलं त्याच दिवशी मी उंबरा धुवायला एक बादली पाणी ओतलं. भिंतीपलीकडून आवाज आला, "ए बाई! ते पाणी कुठं चाललंय?"

"बाहेर," मी म्हटलं.

"बाहेर म्हंजे कुठं? त्याला गाव हाय का न्हाय काई?"

मग भिंतीवर एक काळसर, चिमणं तोंड उगवलं. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिनं माझं नाव विचारायच्या आधी मला नियम सांगितला, तीन बोटं एकेक करून मोडत. "ध्यानात ठेव. पहिलं पाणी माणसाचं, दुसरं भांड्याचं, तिसरं झाडाचं. तीन कामं केल्याबिगर पाण्याला घराबाहेर काढायचं न्हाय. इथं नळ आठ-आठ दिवसांनी येतोय, बाई."

मला तिथल्या तिथं ती आवडली. नव्या गावात कुणीतरी आल्याआल्या हक्कानं रागावतं, याचा मला केवढा आधार वाटला होता!

तिच्या कमरेला चंची असायची. त्यात सुपारी, अडकित्ता आणि नळाचे रबरी वायसर. दुपारच्या वेळी गल्ली झोपलेली असली की ही दारोदार कान देत फिरायची. कुणाचा नळ ठिबकतोय हे तिला तीन घरांवरून ऐकू यायचं. कडी वाजवायची, "झोपा तुमी, झोपा, मी माझं बघते," म्हणत मोरीत शिरायची आणि अडकित्त्याच्या टोकानं जुना वायसर उपटून नवा बसवायची. खुद्द अण्णांनी दोनदा हाक मारली तरी जिला ऐकू यायचं नाही, ती ही बाई थेंबाचा आवाज मात्र झोपेतही ओळखायची.

तिच्या घरी आंघोळ दगडावर, आणि दगडाखालून चर थेट परसात. साबणाचं पाणी कर्दळीला, बिनसाबणाचं लिंबोणीला. लिंबोणीवर तिचा फार जीव. आळं गोल राखलेलं. मलाही तिनं शिकवलं, की पाणी घालायचं ते खोडावर नाही, आळ्याच्या कडेकडेनं, हळूहळू, पाण्याला बसायला वेळ देत. भांडी राखेनं घासून आधी कोरड्या फडक्यानं पुसायची आणि मग एका पाण्यातून काढायची. धोंड्याच्या महिन्यात तिचा जावई जेवायला आला होता. बिचारा डोक्याला साबण लावून बसला आणि बादली संपली. "मामी, पाणी!" म्हणून तो आतून ओरडतोय आणि ही बाहेरून सांगतेय, "एक बादली म्हणलं हुतं ना? हिशेबानं घ्यायचं!" शेवटी दाराच्या फटीतून अर्धा तांब्या आत सरकवला. जावई उरलेला दिवस डोकं खाजवत होता. ही गोष्ट ती स्वतःच सगळ्यांना सांगायची आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. ते पाणी मात्र पदराला पुसायची, ते काही कुणाला लागायचं नाही.

तिच्या दारापुढं जुना आड होता. सगळ्या गल्लीचा, पण कोरडा पडलेला. आम्ही राहायला आलो त्या उन्हाळ्यात तिच्या डोक्यात आलं, की नवाच्या नऊ घरांच्या छपरांचं पाणी पाईपनं आणून आडात सोडायचं. तिनं घरोघर जाऊन बायकांना तयार केलं. पुरुष हसले. "ढगांनाबी नळ बसव आत्या," म्हणाले. ती म्हणाली, "हसा. आड भरल्यावर रांगंत उभं ऱ्हाताना हसू नगा म्हंजे झालं." आपापला पाईप ज्यानं त्यानं आणायचा ठरलं. दुकानातले पांढरे पाईप संपले म्हणून आमच्या वाट्याला काळा आला. आत्यानं गवंडी लावला, आडाशेजारी वाळू, कोळसा आणि विटांचे तुकडे घालून गाळणीचा खड्डा केला, पाईप जमिनीखालून नेले. मी तेव्हा ड्युटीवर. संध्याकाळी आले तर सगळं बुजवून, वर शेणानं सारवून झालेलं. "तुझा पाईप म्या सवता उभं ऱ्हाऊन टाकून घेतला," आत्या म्हणाली. मी तिचे हात धरले.

आड भरायला दोन पावसाळे लागले. पण भरला. तळाशी आधी ओल, मग कमरेएवढं, मग पुरुषभर. टँकरची वाट बघणं आमच्या गल्लीपुरतं संपलं. दरवर्षी मृगाच्या आधी आत्या शिडी लावून प्रत्येकाच्या छतावर चढायची. कुठं पाला, कुठं पाखरांची घाण, सगळं घासून घ्यायला लावायची. माझ्या छतावर तर बोट फिरवून बघायची. एकदा मला तिनं पुन्हा घासायला लावलं आणि मग सगळ्या बायकांना बोलावून दाखवलं, "बघा, छत असं पायजे. सिस्टरचं छत गल्लीत एक नंबर." मी वर्षभर त्या एका वाक्यावर खूश होते.

आता इथं माझ्या माहेरचं सांगायला हवं. आम्ही मातंग समाजाचे. तेरखेड्याजवळच्या एका गावात माझे वडील, तात्या, केकताडाचा, म्हणजे घायपाताच्या पानांचा वाख काढून दोर वळायचे. आसपासच्या गावांतल्या विहिरींवर त्यांचे दोर. गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी कधी वावगं बोललं नव्हतं. आडाला पाणी आलं तेव्हा आत्याच म्हणाली, "प्लास्टिकच्या दोरीनं हात कापत्यात. तुझ्या वडलांस्नी सांग की, एक चांगला दोर द्या म्हणावं." तात्यांनी पंधरा दिवस खपून दोर वळला आणि स्वतः घेऊन आले. आडाच्या कठड्याबाहेर तो ठेवला आणि तीन पावलं मागं सरकून उभे राहिले.

"तात्या, लई झ्याक दोर," आत्या म्हणाली. "तुमास्नी नात व्हऊन ती म्हातारी व्हईल तवर टिकंल ह्यो."

रात्री जेवताना मी तात्यांना म्हटलं, "एवढं लांब कशाला उभं राहायचं? तो काळ गेला आता."

तात्या भाकरी मोडत म्हणाले, "दोर चालतोय पोरी. दोर पयल्यापासनंच चालतोय."

मला राग आला. जुनी माणसं, जुन्या जखमा उगाळत बसतात, असं मनात म्हटलं. तात्या मला काय सांगत होते ते मी ऐकलंच नाही.

त्या दोराला माझा हात कधी लागला नाही. लागायची वेळच आली नाही. सकाळी उठून बघावं तर माझ्या दाराच्या कट्ट्यावर दोन घागरी भरून ठेवलेल्या. "तू नोकरदार बाई," आत्या म्हणायची, "दवाखान्यात उभं ऱ्हाऊन पाय दुखत्यात तुझं. मी शेंदते की." ती कठड्यावरून आपल्या बादलीनं माझ्या घागरीत पाणी ओतायची. मी कधी रिकामी घागर घेऊन आडाकडं निघाले, तर अर्ध्या वाटेत हातातून काढून घ्यायची. गल्लीतल्या बायका मला चिडवायच्या, "सिस्टर, नशीब काढलंस बाई, असली सासू पण मिळत नाही." मला ते खरंच वाटायचं. मी दवाखान्यात मैत्रिणींना हे कौतुकानं सांगायचे.

माझ्या लेकीच्या वेळची गोष्ट तर मी किती जणांना सांगितली असेल! आमच्याकडं बाराव्या दिवशी बाळंतीण आडावर जाते, हळद-कुंकू वाहते, खण ठेवते, घुगऱ्या वाटते आणि भरली घागर घेऊन घरी येते. तेव्हा ती पुन्हा घराच्या पाण्याला हात लावते. माझी आई गावाहून आली होती. श्रावणातला सोमवार होता. मी निघणार तेवढ्यात आत्या आली. "काई जायचं न्हाय. कठड्यापाशी शेवाळ हाय. ओली बाळंतीण, पाय घसरला तर कुणाच्या नावानं रडायचं? आडच आणते मी तुझ्या दारात." आणि खरंच, घागरीच्या गळ्याला खण बांधून, कडेवर घेऊन ती आली आणि उंबऱ्याबाहेर घागर ठेवली. मी उंबऱ्याच्या आत बसून पूजा केली. मला रडू फुटलं. पोटच्या लेकीसाठी कोण एवढं करतं?  आईनं आत्यापुढं घुगऱ्या धरल्या, तेव्हा आत्या म्हणाली, "सोमवार हाय की माझा."

आत्याचे उपास हा गल्लीत थट्टेचा विषय होता. सोमवार, मंगळवार, चतुर्थी, एकादशी, शिवाय मधेच कुठला तरी नवस. निदान माझ्या घरी आली की तिला काही ना काही असायचंच. चहा टाकते म्हटलं की हात धरायची. "नगं गं. एक कप पाणी वाचतंय. आधी पाणी वाचव." मला हसू यायचं. केवढी ही बाई तत्त्वाची! तिचं ब्लडप्रेशर मी दर आठवड्याला बघायचे. माझ्या पट्ट्यात तिचा दंड असायचा, गोळी मी हातावर द्यायचे, आणि ती मूठ मिटून घरी जाऊन घ्यायची. गोळी माझ्या हातची, पाणी तिच्या घरचं. आठ वर्षं हे माझ्या नाकासमोर चाललं होतं आणि मी शिकलेली बाई.

गेल्या पावसाळ्यानंतर नव्या नळयोजनेचे पाईप टाकायला गल्लीत जेसीबी आला. आडापाशी आला तेव्हा सगळ्या जमलो, कारण गाळणीचा खड्डा सांभाळायचा होता. माती निघाली. आठ पांढरे पाईप बोटांसारखे एकत्र येऊन गाळणीत शिरलेले दिसले. काळा पाईप त्यांच्या शेजारून आला होता, गाळणीपाशी आला होता, आणि तिथून वळला होता. पाच हात पुढं, दगडगोटे भरलेल्या एका वेगळ्या खड्ड्यात तो संपला होता.

फिटर म्हणाला, "ह्यो कुणाचा? ह्यो तर आडात गेलाच न्हाय."

 मी आत्याकडं बघितलं. आत्या जेसीबीकडं बघत होती.

दुपारी गल्ली पांगल्यावर मी तिच्या दारात गेले. ती लिंबोणीचं आळं नीट करत बसली होती.

"आत्या, आमचा पाईप आडात का नाही?"

"वाया कुठं गेलं गं?" ती मान वर न करता म्हणाली. "खड्ड्यात गेलं. खड्ड्यातनं मातीत, मातीतनं आडातच की. एक थेंब म्या वाया जाऊ दिला न्हाय तुझा."

"मग थेट का नाही जोडला?"

"समद्यांचंच पाणी गाळून जातंय. तुझं जरासक जास्ती गाळून जातंय, एवढंच."

मी उभी होते.  "माझं पाणी गाळावं लागतं, आत्या?"

आता तिनं वर बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, हे मला सांगायलाच हवं. "तुझ्यावानी लेक न्हाय मला. खरं सांगते. पर दोघी जणी म्हणल्या, तिचा पाईप असंल तर आमचा न्हाय. मग आड झाला असता का? तूच सांग. मातीतनं आल्यालं चालतंय म्हणलं, तवा तयार झाल्या."

"कोण दोघी?"

तिनं आळ्यातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"आणि माझ्या घागरी? त्या पण त्या दोघींमुळं भरायच्या होत्या?"

तिनं हाताची माती झटकली आणि परत आळ्याकडं वळली.

मी घरी येऊन मोरीत नळ सोडून बसले. पाणी असंच वाहू दिलं, टाकी संपेपर्यंत. आयुष्यात तेवढा राग मी दुसऱ्या कशावर काढलेला नाही. तिनं मला शिवी दिली असती, दारातून हाकललं असतं, तर मी भांडले असते. आमच्या लोकांना ते ठाऊक आहे, त्याला तोंड कसं द्यायचं तेही ठाऊक आहे. पण तिनं माझ्या घागरी भरल्या. दारात आड आणला. माझं छत सगळ्यांना दाखवलं. आणि आठ पावसाळे मी ते छत हातानं घासत होते. शत्रूनं फसवलं तर माणूस सावध होतो, मायेनं फसवलं तर मागची सगळी वर्षंच खोटी होतात. प्रत्येक आठवण मी उलटून बघत होते आणि प्रत्येकीच्या पाठीला माती लागलेली होती.

दुसऱ्या दिवशी ड्युटीला जायच्या आधी मी घागर घेऊन आडावर गेले. तात्यांचा दोर पहिल्यांदा हातात घेतला. वाख तळहाताला खरखरला. घागर भरली, शेंदली आणि घेऊन आले. आत्या दारात उभी होती. ती अडवायला आली नाही. त्याच आठवड्यात नवे नळ सुरू झाले, त्यामुळं आडावर कोण का येईना झालं, हे कळायला काही मार्ग राहिला नाही. काळा पाईप मी उकरून काढला आणि माझ्या दारातल्या टाकीला जोडला. तात्यांना यातलं काही सांगितलं नाही.

तरीही मन चिवट असतं. दिवस गेले तसं मला वाटायला लागलं, की आत्या खरं बोलली असेल. ती स्वतः तशी नसेल, दोघींपुढं नमली असेल. आड होण्यासाठी तिनं मला बळी दिलं असेल, पण मनातून ती माझी असेल. मला दुसरं काही नको होतं. तिनं एकदा माझ्या हातचं घोटभर पाणी प्यावं, एवढंच. मग मी सगळं विसरले असते. खरंच विसरले असते.

दिवाळीनंतर तिचा मुलगा दोघांना कायमचं लातूरला न्यायला आला. अण्णा जीपमध्ये जाऊन बसले होते. मुलगा सामान बांधत होता. मी माठातला तांब्या भरला आणि तिच्या परसात गेले. गल्लीत कुणी नव्हतं. त्या दोघी, त्या ज्या कुणी असतील त्या, नव्हत्या. चंची कमरेला खोचून आत्या लिंबोणीपाशी उभी होती.

"लांबचा प्रवास आहे, आत्या. घोटभर पाणी पिऊन निघा."

आज सोमवार नव्हता, चतुर्थी नव्हती. मी पंचांग बघून आले होते.

तिनं तांब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग दोन्ही हात पुढं करून तांब्या घेतला. माझ्या बोटांना तिची बोटं लागली. "पिते," ती म्हणाली. "कुलूप लावते आन् पिते. तू जा, लेक रडालीय तुझी."

लेक खरंच रडत होती. मी आले, तिला उचललं आणि तशीच जिना चढून छतावर गेले, जीप जाताना दिसावी म्हणून. मला हलकं वाटत होतं. तिला हात करायचा, असं मी लेकीला सांगत होते.

खाली परसात आत्या एकटी होती. तिनं कुलूप लावलं, ओढून बघितलं. मग तांब्या उचलला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, वर तेवढं बघितलं नाही. लिंबोणीपाशी उकिडवी बसली आणि मला शिकवलं होतं तसंच, खोडावर नाही, आळ्याच्या कडेकडेनं, हळूहळू, पाण्याला बसायला वेळ देत, तिनं तो तांब्या रिता केला. शेवटी दोनदा झटकला. मग माझ्या बाजूच्या भिंतीवर पालथा घातला आणि जीपकडं गेली.

एक थेंब वाया गेला नाही.